दूरचा उमेदवार, जवळचा उमेदवार



ज्या गुरुजींच्या स्मृतीसाठी आपण दर वर्षी इथे या व्याख्यानमालेला जमतो, ते वर्गात रोज वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवत आणि मग एखाद्या मुलाला उभे करून विचारत, ‘तुला काय वाटतं?’ मुलाने काहीबाही सांगितले की लगेच दुसरा प्रश्न यायचा, ‘कशावरून?’ आज मी जे बोलणार आहे ते या दोन प्रश्नांच्या आधारानेच. विषय आहे अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारांबद्दल सामान्य माणसाला काय वाटते, हा. सामान्य माणूस तिकडचाही आणि आपल्याकडचाही. भोर-वेल्ह्यात उभे राहून अमेरिकेच्या निवडणुकीवर कशाला बोलायचे, असे काहींच्या मनात आले असेल. त्याच शंकेपासून सुरुवात करतो.

२०२४ सालचा नोव्हेंबर महिना आठवा. ५ नोव्हेंबरला अमेरिकेत मतदान झाले. डोनाल्ड ट्रम्प विरुद्ध कमला हॅरिस. त्यानंतर पंधरा दिवसांनी, २० नोव्हेंबरला, आपल्या विधानसभेचे मतदान झाले. एकाच महिन्यात दोन निवडणुका, एक सात समुद्रांपलीकडची आणि एक घराच्या उंबऱ्यावरची. त्या दिवसांत एसटी स्टँडवर, चहाच्या टपरीवर, सलूनमध्ये, पारावर काय ऐकू येत होते? ट्रम्पबद्दल प्रत्येकाचे मत ठाम होते. ‘माणूस रोखठोक आहे’, ‘त्याचं काय खरं नाय’, ‘बाई हुशार होती पण उशिरा उतरली’. मोठ्या आवाजात, चार लोकांत, हातवारे करून. आणि त्याच माणसाला विचारले, ‘आपल्याकडं आवंदा काय हाय?’ की आवाज खाली यायचा. इकडेतिकडे नजर जायची. आणि उत्तर एकच: ‘बघू.’

हे ‘बघू’ माझ्या आजच्या बोलण्याचा गाभा आहे. जो माणूस अमेरिकेच्या अध्यक्षाला चारचौघांत खडसावतो, तो आपल्या गटाच्या, आपल्या तालुक्याच्या उमेदवाराबद्दल मूग गिळून का बसतो? तो अडाणी आहे म्हणून? मुळीच नाही. त्याला सगळे कळते.

त्याच्या कारणाकडे मी नंतर येईन. त्याआधी पहिला मुद्दा. आपल्याला अमेरिकेच्या उमेदवारावर मत असायचा अधिकार आहे का? मतदानाचा हक्क नाही, हे उघड आहे. पण मत असायचा? मी म्हणतो, आहे आणि पूर्वीपासून आहे. १८७३ साली पुण्याच्या जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, गुलामांना मुक्त करण्याच्या कामी त्यांनी दाखवलेल्या औदार्यासाठी. इथल्या शूद्रातिशूद्रांचे दुःख मांडणाऱ्या पुस्तकाच्या दाराशी अमेरिकेच्या जनतेचे नाव आहे. लक्षात घ्या, त्यांनी ते कुठल्याही एका पुढाऱ्याला अर्पण केले नाही. लोकांना अर्पण केले.

पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ अमेरिकेत फिरत होत्या. त्या परत निघाल्या त्या वर्षी तिथे अध्यक्षपदाची निवडणूक होत होती, ग्रोव्हर क्लीव्हलँड विरुद्ध बेंजामिन हॅरिसन. परत आल्यावर त्यांनी मराठीत युनायटेड स्टेट्सवर पुस्तक लिहिले, त्यात तिथल्या राज्यपद्धतीवर वेगळे प्रकरण लिहिले आणि बायकांच्या स्थितीवरही लिहिले. ज्या देशाची त्यांनी मनापासून वाखाणणी केली, त्या देशातली एकही बाई त्या वर्षी अध्यक्षासाठी मत देऊ शकत नव्हती. देशभरातल्या स्त्रियांना तो हक्क राज्यघटनेने दिला १९२० साली. आपल्या केडगावात, आपल्याच जिल्ह्यात, ज्यांनी पुढे अनाथ मुलींसाठी एवढे मोठे काम उभे केले, त्या बाईने अमेरिकेकडे आदराने आणि तरीही उघड्या डोळ्यांनी पाहिले. आपण त्या परंपरेतले आहोत.

आणि अधिकार नुसता विद्वानांचा नाही. तो पोटाचाही आहे. इथे बसलेल्या साठ-पासष्टीच्या पुढच्या मंडळींना मिलो आठवत असेल. माना हलताहेत, म्हणजे आठवते आहे. १९७२ चा दुष्काळ. रेशनवर तांबडी ज्वारी यायची, अमेरिकेतून आलेली. पिठाला चिकटपणा नसायचा, भाकरी थापताना कडा फाटायच्या, तव्यावर टाकेपर्यंत दोन तुकडे. आयाबायांनी गरम पाण्यात पीठ मळून, कुठे त्यात मूठभर दुसरे पीठ घालून ती भाकरी उभी केली. पोरे नाक मुरडायची आणि तरी खायची, कारण दुसरे काही नव्हते. त्याच्याही आधी, १९५४ साली झालेल्या पीएल-४८० या कायद्याखाली अमेरिकेचा गहू येऊ लागला होता. १९६५ नंतरच्या टंचाईत अध्यक्ष लिंडन जॉन्सन गव्हाची जहाजे महिन्या-महिन्याच्या हिशेबाने सोडत होते, भारताने आपल्या शेतीचे आणि परराष्ट्रधोरणाचे काय करावे याचा दाब ठेवून. व्हाइट हाउसमधल्या एका माणसाच्या सहीवर रेशनच्या रांगेतल्या बाईची चूल अवलंबून होती. ती बाई जॉन्सनला मत देऊ शकत नव्हती. तिला त्याचे नावही ठाऊक नसेल. पण तिच्याइतका तिकडच्या निवडणुकीशी संबंध आणखी कुणाचा होता? आणि त्याच गव्हाबरोबर आले असे म्हणतात ते गाजरगवत, ज्याची आपल्या देशातली पहिली नोंद १९५५ च्या सुमारास पुण्यातच झाली, ते आजही आपल्या बांधावर उभे आहे. उपटणारी माणसे आपलीच.

आता आजचे सांगतो. भोर विधानसभा मतदारसंघ म्हणजे भोर, वेल्हे (आता कागदोपत्री राजगड तालुका) आणि मुळशी. आणि मुळशीत आहे हिंजवडी. म्हणजे तोरण्याच्या पायथ्याची बाई आणि हिंजवडीतल्या संगणक कंपनीतला अभियंता हे एकाच आमदाराचे मतदार आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रम्प यांनी नव्या एच-वन-बी व्हिसासाठी एक लाख डॉलर शुल्क जाहीर केले. आपल्या रुपयांत ते ऐंशी लाखांच्या वर जाते. त्याच्या महिनाभर आधी भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लागू झाले. वाड्या-वस्त्यांवरची किती मुले आज वाघोलीला, हिंजवडीला खोली घेऊन राहतात, याचा हिशेब तुमच्यापाशी आहे. त्यांच्या कंपनीचे काम तिकडून येते. गावाकडे आईवडिलांच्या घराचा स्लॅब त्या पगारावर पडतो. तेव्हा ट्रम्पबद्दल पारावर बोलणाऱ्या माणसाला ‘तुला काय करायचंय’ असे कुणी म्हणू नये. त्याला करायचे आहे.

मग प्रश्न उरतो दुसरा. कशावरून?

दूरच्या उमेदवाराची ओळख आपल्याला कुठून होते? मोबाइलवरून. अर्ध्या मिनिटाची चित्रफीत, खाली मराठीत टाकलेला कुणाचा तरी आवाज, मध्येच एक नाच, मध्येच एक धमकी. कमला हॅरिस यांच्या आजोळच्या गावात, तमिळनाडूतल्या तुळसेंद्रपुरम् इथे, त्यांच्यासाठी देवळात पूजा झाल्या. तेलंगणात एका माणसाने घराजवळ ट्रम्प यांचा पुतळा उभारून त्याची पूजा केली होती. त्यांच्या भावनेचा मी अनादर करत नाही. पण अमेरिकेतला सामान्य मतदार त्या दोघांकडे कसे पाहत होता? तो बाजारात जाऊन अंड्यांचा भाव पाहत होता. जून २०२२ मध्ये तिथली महागाई ९.१ टक्क्यांवर गेली होती, चाळीस वर्षांत गेली नव्हती तेवढी. पुढे ती उतरली, पण चढलेले भाव खाली आले नाहीत, आणि लोकांनी ते सत्तेवर असलेल्यांच्या खात्यावर मांडले. पंधरवड्याच्या दूधबिलात पेंडीच्या पोत्याचे पैसे वळते झाले की हातात काय उरते, हे आपल्याकडची बाई पाहते. अगदी तसेच.

हे तिथल्या पंडितांना पुष्कळदा कळलेले नाही. १९३६ साली ‘लिटररी डायजेस्ट’ नावाच्या साप्ताहिकाने तब्बल एक कोटी लोकांना पत्रिका पाठवून कौल घेतला. तेवीस-चोवीस लाख परत आल्या. साप्ताहिकाने जाहीर केले, अध्यक्ष रुझवेल्ट हरणार. रुझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्ये जिंकले. चूक कुठे झाली? नावे काढली होती टेलिफोनच्या यादीतून, मोटारींच्या नोंदीतून. मंदीच्या त्या काळात ज्याच्याकडे टेलिफोन नव्हता, मोटार नव्हती, त्याला कुणी विचारलेच नव्हते. आपल्याकडेही वाहिनीची गाडी येते, स्टँडवर थांबते, कॅमेऱ्यासमोर चार पुरुष बोलतात आणि ‘भोरचा कौल’ दाखवला जातो. पाठीवर गवताचा भारा घेऊन घाट उतरणाऱ्या बाईपर्यंत तो माइक पोचत नाही.

पोचत नाही म्हणून तिला मत नाही असे समजू नका. २०२४ मध्येच पाहा. जूनमध्ये लोकसभेचा निकाल लागला. बारामती मतदारसंघात सुप्रिया सुळे दीड लाखाहून अधिक मतांनी निवडून आल्या आणि त्यात भोरने चाळीस हजारांहून मोठी आघाडी दिली. पाच महिन्यांनी, नोव्हेंबरमध्ये, याच भोर मतदारसंघाने सुळे यांच्याच आघाडीतल्या संग्राम थोपटे यांना, तीन वेळच्या आमदारांना, एकोणीस हजारांहून अधिक मतांनी घरी बसवले आणि शंकर मांडेकर यांना पाठवले. बाहेरच्या लोकांनी म्हटले, वारे फिरले. लोक वाऱ्यावर चालतात म्हणे! मला ते पटत नाही. दिल्लीला कोण हवे आणि मुंबईला कोण हवे, हे लोकांनी वेगवेगळे तोलले. मुळशीच्या लोकांना आपल्याकडचा माणूस हवा होता. २००९ मध्ये त्यांचा वेगळा मतदारसंघ गेल्यापासूनची ती सल होती. कुणी रस्ता पाहिला, कुणी नाते पाहिले, कुणी कारखाना पाहिला.

‘आपला माणूस’ हा प्रश्न अमेरिकेतही सुटलेला नाही. बेळगावात वाढलेले, मराठीत ‘ही श्रींची इच्छा’ हे आत्मचरित्र लिहिणारे श्री ठाणेदार २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी पक्षांतर्गत निवडणुकीला उभे राहिले. स्वतःचे कोट्यवधी डॉलर ओतले. तिसरे आले. मग २०२२ मध्ये डेट्रॉइटमधून खासदार झाले. तेव्हा तिथल्या कृष्णवर्णीय लोकांमध्ये खंत होती की कित्येक दशकांनंतर प्रथमच आपल्या शहरातून आपल्यातला कुणी खासदार नाही. आपल्याला ठाणेदारांचा अभिमान वाटला, तो योग्यच. पण डेट्रॉइटच्या त्या खंतीचा अर्थ मुळशीकराला आपल्यापेक्षा लवकर कळेल.

आणि पैशाचे? २०२४ च्या ऑगस्टपासून ‘लाडकी बहीण’ योजनेचे महिना १,५०० रुपये बायकांच्या खात्यात येऊ लागले. शहाणी माणसे म्हणाली, बायका विकल्या गेल्या. हे वाक्य मला सहन होत नाही. २०२० मध्ये करोनाच्या काळात अमेरिकी सरकारने लोकांना १,२०० डॉलरचे धनादेश पाठवले. त्यांवर ट्रम्प यांचे नाव छापले होते. लोकांनी धनादेश वटवले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ट्रम्प हरले. पैसे घेणारा माणूस विचार करायचा थांबतो, हे कुणी ठरवले? ज्या बाईच्या हातात आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावावरचे पैसे पडले, तिने त्याची दखल घेतली असेल तर तो तिचा हिशेब आहे, आणि तो कुणाही अर्थतज्ज्ञाइतका खरा आहे.

आता मी पुन्हा त्या ‘बघू’कडे येतो, कारण खरे दुखणे तिथे आहे.

अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्यात डिक्सव्हिल नॉच नावाची डोंगरातली वस्ती आहे. १९६० पासून तिथे निवडणुकीच्या दिवशी मध्यरात्री बाराच्या ठोक्याला मतदान होते आणि काही मिनिटांत निकाल सांगितला जातो. २०२४ मध्ये तिथे सहा मतदार होते. तीन मते हॅरिसना, तीन ट्रम्पना. जगभरचे कॅमेरे समोर. आणि आपल्या भोर तालुक्यात बुरुडमाळ आहे. डोंगरातली वस्ती, चाळीसच्या आसपास मतदार आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र मतदान केंद्र. आदल्या दिवशी कर्मचारी यंत्र घेऊन पोचतात. चाळीस माणसांसाठी सरकारने डोंगर चढावा, ही आपल्या लोकशाहीची मला सगळ्यांत मोठी वाटणारी गोष्ट आहे. मी तिच्यावर कितीही वेळ बोलू शकेन.

पण एक गोष्ट पाहा. डिक्सव्हिल नॉचचा मतदार बाहेर येऊन कॅमेऱ्याला नाव-गावासह सांगतो, मी अमक्याला मत दिले आणि का दिले. आपल्या एखाद्या चाळीस-पन्नास उंबऱ्यांच्या वाडीतला माणूस हे सांगेल का? का सांगेल? मतमोजणी केंद्रनिहाय होते, आकडे केंद्रनिहाय प्रसिद्ध होतात. कोणत्या वाडीने कुणाला किती दिली, हे दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या मोबाइलवर असते. चाळीसातली पस्तीस एकीकडे गेली तर उरलेली पाच कुणाची, हे ओळखायला ज्योतिषी लागत नाही. आणि मग घरकुलाची यादी असते, सोसायटीचे कर्ज असते, पाणंद रस्त्याचे खडीकरण असते, पोराला कुठेतरी चिकटवायचे असते. मी कुणावर आरोप करत नाही, कुणाचे नाव मनात नाही. ही रचनाच अशी आहे की वाडी जेवढी लहान, तेवढा मतदार उघडा. ट्रम्पवर बोलायला काही पडत नाही. ट्रम्प आपल्या नळाचे पाणी तोडू शकत नाही. म्हणून तिकडे आवाज मोठा आणि इकडे ‘बघू’.

यावर उपाय नाही असे नाही. २००८ मध्ये निवडणूक आयोगानेच सुचवले होते की टोटलायझर नावाचे यंत्र वापरून अनेक केंद्रांची मते एकत्र मोजावीत, म्हणजे वाडीचा कौल वेगळा कळणार नाही. २०१५ मध्ये कायदा आयोगाने त्याला पाठिंबा दिला. ते अजून लागू झालेले नाही. का झालेले नाही, हे प्रत्येक पक्षाच्या माणसाला विचारण्यासारखे आहे. कागदी मतपत्रिकांच्या काळात निरनिराळ्या केंद्रांच्या पत्रिका एकत्र मिसळून मोजता येत असत. यंत्र आले आणि ती सोय गेली.

अमेरिकेलाही गुप्त मतदान आपोआप मिळालेले नाही. रमाबाई तिथे होत्या त्या काळापर्यंत बहुतेक राज्यांत मतपत्रिका पक्षच छापत. वेगवेगळ्या रंगांच्या. कुणी कुठल्या रंगाचा कागद पेटीत टाकला, हे जमीनदाराला आणि कारखान्याच्या मालकाला लांबूनही दिसे. सरकारने छापलेली, आडोशाला जाऊन भरायची पत्रिका मॅसॅच्युसेट्स राज्याने स्वीकारली १८८८ साली, आणि पुढच्या चार वर्षांत ती बहुतेक राज्यांत पोचली. लोकांनी मागितली म्हणून पोचली. आज तिथला मतदार मोकळा बोलतो, त्याच्यामागे हा इतिहास आहे.

त्यांची आणखी एक गोष्ट मला घ्यावीशी वाटते. १९६० मध्ये केनेडी आणि निक्सन दूरचित्रवाणीवर समोरासमोर आले, ते सगळ्यांना माहीत आहे. मला त्याहून महत्त्वाची वाटते १९९२ ची रिचमंड शहरातली सभा. प्रश्न विचारणारे पत्रकार नव्हते, सभागृहातले साधे मतदार होते. एका तरुण बाईने तिन्ही उमेदवारांना विचारले, देशावरच्या कर्जाचा तुमच्या स्वतःच्या आयुष्यावर काय परिणाम झाला? अध्यक्ष बुश यांना प्रश्नच नीट उमगेना. क्लिंटन पुढे झाले आणि त्यांनी तिलाच विचारले, तुमच्यावर काय झाला? त्या रात्री बुश यांनी घड्याळाकडे पाहिले, ते सगळ्या देशाने पाहिले. कुठल्याही पंडिताला सुचला नसता असा तो प्रश्न होता आणि तो एका सामान्य बाईचा होता.

माझी या व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांना हात जोडून विनंती आहे. येत्या निवडणुकीत, मग ती जिल्हा परिषदेची असो, पंचायत समितीची असो की विधानसभेची, याच सभागृहात एक सभा घ्या. सगळ्या उमेदवारांना एका रांगेत, एकाच उंचीच्या खुर्च्यांवर बसवा. हार नको, फटाके नकोत, घोषणा नकोत. प्रत्येकाला बोलायला सारखी दहा मिनिटे. आणि प्रश्न तोंडी घेऊ नका. आठवडाभर आधी भोरला, वेल्ह्याला, नसरापूरला, पानशेतला पेट्या ठेवा. चिठ्ठीवर नाव नको, गावही नको. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी शाळेतल्या मुली लिहून देतील. सभेच्या दिवशी चिठ्ठ्या सगळ्यांसमोर मिसळा आणि एकेक काढून वाचा. उत्तर टाळले तर सूत्रधाराने तोच प्रश्न पुन्हा वाचायचा, एवढेच काम. भातकापणी उरकल्यावरची तारीख धरा, आणि वेल्ह्याची शेवटची एसटी सुटायच्या आत सभा संपवा, म्हणजे बायकांना येता येईल.

पहिली चिठ्ठी मी लिहून आणली आहे. ती अध्यक्षांच्या हाती देतो. त्यांच्या परवानगीने वाचतो: ‘भाटघर आमचं, नीरा-देवघर आमचं, गुंजवणी आमची, पानशेत आणि वरसगावही आमच्याच उशाला. तरी उन्हाळ्यात वरच्या वाड्यांना टँकर लागतो. गेल्या पाच वर्षांत त्यातली कोणती वाडी टँकरमधून सुटली, तिचं नाव सांगा.’